बत्ताशाचे शब्द

ही गोष्ट माझ्या घरात कुणालाच ठाऊक नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ताईला तर नाहीच नाही. एकदा अक्कलकोटला मठात डोळे मिटून बसलो होतो, तेव्हा मनातल्या मनात म्हणून पाहिली — तिथंसुद्धा अर्ध्यावर थांबलो. तुमच्यापाशी बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. घोड्याला मात्र ओळखत असाल.

बत्तासा. घरात लहान मूल असेल तर तुम्हाला तो माहीत असणारच. आधी तो सिनेमात होता. टांगेवाला, त्याची मुलगी जाई आणि त्यांचा म्हातारा पांढरा घोडा. सिनेमा लई चालला. सोलापुरात तर माणसं दोन-दोनदा जाऊन रडून आली. शेवटी घोडा विकला जातो आणि जाता जाता मागं वळून बघतो, तिथं थेटरात एक डोळा कोरडा राहायचा नाही. मग पुण्यातल्या एका कंपनीनं त्याच घोड्यावर मुलांसाठी कार्टून मालिका काढायची ठरवली. सिनेमातला घोडा मुका होता. कार्टूनमधला बोलणार होता. तो काय बोलणार, हे लिहायचं काम माझ्याकडं आलं.

मी तेव्हा शाळांमधून बालनाट्यं बसवायचो. जुळे सोलापुरात आमचा फ्लॅट. बायको सकाळी स्कूटीवरून बँकेत जायची, मुलगी मुक्ता शाळेत, आणि मी घरी बसून घोड्याचे संवाद लिहायचो. घरात आणखी एक माणूस होतं. माझे वडील, आप्पा.

आप्पांबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. आप्पा बसस्टँडवर कंट्रोलर होते. गाड्यांची घोषणा करायचे. 'बार्शी-वैरागकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक पाचवर लागत आहे' — हा आवाज जिल्ह्यातल्या अर्ध्या माणसांनी ऐकलेला असेल. अक्कलकोटच्या गाडीला ते कन्नडमध्येही दोन शब्द टाकायचे. माइकवर एकदम छापील मराठी, आणि घरी आले की वैरागकडची — 'काय करतूस रं', 'जेवलास न्हाय का'. लहानपणी मला वाटायचं, आप्पांच्या गळ्यात दोन माणसं राहतात. शाळेला सुट्टी असली की मी स्टँडवर जायचो, आणि ते माइक बंद करून मला विचारायचे, आता कुठली गाडी सांगू? मी सांगेन ती गाडी आधी. खरं तर ती गाडी तेव्हाच लागलेली असायची. पण मला वाटायचं, मी म्हटलं म्हणून लागली.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, तो पुढं थोडा सुधारला. जिभेचं मात्र वेगळंच झालं. बोलायचे, पण शब्दांची अदलाबदल व्हायची. पाणी हवं असलं की 'गाडी' म्हणायचे. चष्म्याला 'खिडक्या'. उशीला 'ढग'. डोकं शाबूत होतं हो — आपण बोललेलं सगळं समजायचं, पेपर वाचायचे, कोण आलं कोण गेलं सगळं कळायचं. तोंडातून निघालेला शब्द चुकला, हेसुद्धा कळायचं. मग कपाळाला हात लावून गप्प बसायचे. आयुष्यभर बोलण्यावर भाकरी खाल्लेला माणूस. तुम्हीच विचार करा.

आणि घोडा? घोडा जमत नव्हता. माझे पहिले तीन भाग कंपनीनं परत पाठवले. फोनवरच्या माणसाचं म्हणणं असं, की तुमचा घोडा शाळामास्तरासारखा बोलतो, पोरं चॅनेल बदलतील. आणखी एक भाग बघू, नाहीतर दुसऱ्याला देऊ. मला बाकी काही येत नव्हतं. हे कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात काय होतं, तेवढंच सांगतोय.

मे महिन्यातली दुपार होती. सोलापूरचा मे, वेगळं काय सांगू. लाईट गेली. आप्पा पलंगावर पडून छताकडं बघत होते. पंख्याची पाती हळूहळू थांबली. आप्पांनी डावा हात वर केला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले —

"भोवरा मेला."

मी हसलो. आवरताच येईना, इतका हसलो. आप्पा आधी दचकले. मग तेही हसायला लागले — तोंड एका बाजूला ओढलेलं, तसंच. झटक्यानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा एकत्र हसलो होतो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्या दुपारी आमच्यात जे होतं ते खरं होतं, असं मला अजूनही वाटतं. संध्याकाळी मी काय केलं, ते पुढचं आहे.

संध्याकाळी लाईट आली आणि मी चौथा भाग लिहायला बसलो. त्यात टांगा उलटतो, बत्ताशाचं डोकं वडाच्या खोडावर आपटतं, आणि तेव्हापासून त्याच्या तोंडून भलतेच शब्द निघतात. पंख्याला भोवरा. उशीला ढग. 'मला एक बादली गाडी द्या, तहान लागलीय.' दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. हेच पाहिजे, म्हणाले. असंच लिहा.

आप्पांना विचारलं का मी? नाही. विचारायचं काय, असं वाटलं. शब्द का कुणाच्या मालकीचे असतात?

मालिका सुरू झाली आणि सिनेमापेक्षा वरचढ ठरली. आमच्या कॉलनीत लाईट गेली की सगळ्या बिल्डिंगांतून पोरं एका सुरात ओरडायची — भोवरा मेला! आप्पा गॅलरीत बसलेले असायचे. ते ऐकायचे. मी आत बसून ते ऐकताहेत हे ऐकायचो.

मुक्ता तेव्हा सात वर्षांची होती. मालिका लागली की ताट घेऊन ती टीव्हीसमोर बसायची, शेजारी खुर्चीत आप्पा. दोघंही बत्ताशाचे भक्त. एकदा घोड्यानं चष्म्याला खिडक्या म्हटलं, आणि मुक्तानं घास तोंडात तसाच धरून माझ्याकडं पाहिलं. तिला केवढा शोध लागला होता! म्हणाली, "बाबा, बत्तासा आपल्या आप्पांसारखंच बोलतो की!"

तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. तिची दोन लाडकी माणसं एकसारखी निघाली, याचा तिला आनंद झाला होता. मला ते कळत होतं. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मी काय केलं ते सांगतो. मी तिच्यावर ओरडलो. आप्पांच्या आजारपणाची चेष्टा करतेस? लाज नाही वाटत? असंच शिकवलंय का तुला? आवाज इतका चढला, की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मुक्ताचा चेहरा पांढरा पडला. ताट खाली ठेवून ती उठली, उष्ट्या हातानं आप्पांच्या पाया पडली आणि म्हणाली, चुकले.

आप्पांनी डाव्या हातानं तिचं डोकं मांडीशी धरलं. आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडं पाहिलं.

रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं पाहिलं. स्टँडवर चुकलेला प्रवासी खिडकीशी येऊन उभा राहिला की तो कुठं निघालाय हे त्यांना आधीच कळायचं, तसं. मग ते टीव्हीकडं वळले आणि तो भाग संपेपर्यंत बघत राहिले.

मुक्ता आता नववीत आहे. गेल्या वर्षी आप्पांचं तेरावं झालं, त्या संध्याकाळी ती माझ्याशेजारी येऊन बसली. तिला वाईट वाटत होतं. लहानपणी मी आप्पांना हसले होते ना, म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. जाऊ दे बाळा, म्हटलं, लहान होतीस तू.

मी तिला माफ केलं. माझ्या लेकीला, मी!

पण मला जे सांगायचंय, ते हेही नाही. बघा, मी कसा आडून आडून चाललोय. वडिलांचे शब्द उचलले, मुलीवर ढकललं — एवढंच असतं तर एव्हाना मी घरात कबूल केलं असतं. निदान असं मला वाटतं. जे सांगायचंय ते कार्डांचं आहे.

झटक्यानंतर आप्पांना बोलणं शिकवायला एक मॅडम घरी येत. तरुण होत्या, समजावून सांगायची हातोटी होती. त्यांनी चित्रांची कार्डं दिली होती — पंखा, पाणी, चप्पल, छत्री, गाय. रोज सकाळी घरातल्या माणसानं आप्पांसमोर बसायचं. एकेक कार्ड दाखवायचं आणि विचारायचं, हे काय? शब्द चुकला तर तिथं थांबायचं नाही. पहिलं अक्षर आपण द्यायचं, पं... आणि पुढचं त्यांच्याकडून काढून घ्यायचं. पुन्हा, पुन्हा, बरोबर येईपर्यंत. चुकीचा शब्द तसाच सोडायचा नाही, तो घट्ट बसतो. पहिली एक-दोन वर्षं सगळ्यात मोलाची असतात, हे त्यांनी मला दोनदा बजावलं होतं.

घरी सकाळी मीच असायचो. म्हणजे हे काम माझं होतं.

सुरुवातीला मी ते केलं. मन लावून केलं. 'पंखा' हा शब्द परत मिळाला तेव्हा आम्ही पेढे आणले होते. मग मालिका सुरू झाली. आणि कधीतरी — नेमकं कधी, ते मला सांगता येत नाही, असं काही एका दिवसात होत नसतं — मी पहिलं अक्षर द्यायचं सोडलं. कार्ड दाखवायचो. हे काय? आप्पा चाचपडायचे, काहीतरी भलतंच निघायचं. 'होडी', चपलेला. मी हसायचो. वा, म्हणायचो. आणि पुढचं कार्ड.

कळलं ना, काय करत होतो मी?

मला भाग लिहायचे होते. बत्ताशाला दर आठवड्याला नवे शब्द लागत होते. मी स्वतः बसून बनवायला गेलो तर ते बनवलेले वाटायचे. कंपनीतला माणूस बरोबर ओळखायचा — हा नाही जमला, पहिल्यासारखा द्या. पहिल्यासारखे शब्द एकाच ठिकाणी मिळत. त्या माणसाची जीभ सुधारली असती तर माझा घोडा मुका झाला असता.

मॅडम यायच्या, तपासायच्या, आणि कोड्यात पडायच्या. रोज सराव होतो ना? हो, म्हणायचो, रोज अर्धा तास. खोटं नव्हतं ते. अर्धा तास आम्ही बसतच होतो. मग एव्हाना यायला पाहिजे होतं, असं त्या म्हणायच्या, आणि मी म्हणायचो, वय झालंय त्यांचं. आप्पा समोर बसलेले असायचे. त्यांना सगळं समजायचं, हे मघाशी सांगितलंच आहे.

आणि खरं सांगू? त्या सकाळी चांगल्या जायच्या. आप्पा आंघोळ करून, केस विंचरून, आधीच खुर्चीत येऊन बसलेले असायचे. मी हसलो की त्यांचा चेहरा उजळायचा. मोठं झाल्यावर मी त्यांच्याजवळ इतका वेळ कधी बसलो नव्हतो. बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, काय सेवा करतो हा मुलगा. ताई तर म्हणायचीच.

माझी थोरली बहीण ती. वैरागला दिलेली. त्या दिवाळीला आठ दिवस राहायला आली. सकाळची कार्डं तिनं घेतली, कारण मला दिवाळीच्या खास भागाची घाई होती. तिला त्यातलं शास्त्र माहीत नव्हतं, पण शेतातल्या पोरांना बाराखडी शिकवावी तशी ती आप्पांकडून शब्द घोकून घ्यायची. ती जायच्या आदल्या दिवशी मी चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आप्पा नीट बोलत्यात की रं. मला काल पाणी दे म्हणाले. चष्मा म्हणाले. तुझ्यापाशीच गाडी अन् खिडक्या का म्हणत्यात?"

मी कपात चहा गाळत राहिलो.

"म्या त्येंनाच इचारलं," ताई म्हणाली. "लई वेळ लागला त्येंना सांगायला. म्हणाले — त्येला लागतंय."

मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "कुणाला काय लागतंय, काय कळलं न्हाय बग मला. तुला काय दुखतंय-खुपतंय का?"

नाही, म्हटलं. काही नाही.

मी कप घेऊन खोलीत आलो. दार लावून घेतलं. माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही, पण ते अंगात उतरायला लागला. त्यांना शब्द सापडले होते. आपले आपण, जेवढे जमले तेवढे त्यांनी परत मिळवले होते — गॅलरीत बसून, मनातल्या मनात, कुणी पहिलं अक्षर न देता. आणि रोज सकाळी केस विंचरून खुर्चीत येऊन ते मला चुकीचे शब्द देत होते. मुद्दाम. मुलगा हसतो म्हणून. मुलाला लागतात म्हणून. मुक्तावर ओरडलो त्या संध्याकाळपासूनच, बहुतेक.

आता ऐका. इथपर्यंत मी स्वतःला थोडंफार समजावू शकतो. नकळत झालं, घाईत झालं, हळूहळू झालं. ताईच्या त्या बोलण्यानंतर नकळत काही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वैरागला परत गेली. मी तिला रिक्षात बसवून वर आलो. आप्पा खुर्चीत बसले होते. स्टुलावर कार्डं.

मी समोर बसलो. वाटलं, कार्डं बाजूला ठेवावीत. त्यांचा हात हातात घ्यावा. आप्पा, मला कळलं, एवढंच म्हणावं. त्यांना माझ्याकडून बाकी काही नको होतं. माफीसुद्धा नको होती. मी कार्ड उचललं. छत्रीचं होतं.

"आप्पा, हे काय?"

त्यांचे ओठ पुढं झाले. 'छ'साठी होतात तसे. मी ते पाहिलं. अगदी स्पष्ट पाहिलं — शब्द तोंडाशी आलेला होता. मग त्यांनी ओठ मिटले. माझ्याकडं बघत, जरा विचार करून म्हणाले —

"कोंबडी."

आणि मी हसलो. रोजच्यासारखा. वा आप्पा, म्हटलं. त्यांचा चेहरा उजळला, तोही रोजच्यासारखाच.

त्या आठवड्याच्या भागात जोराचा पाऊस येतो आणि बत्तासा जाईला ओरडून सांगतो, कोंबडी उघड, कोंबडी उघड! तुमच्या मुलानं तो भाग पाहिला असेल. सगळ्यात जास्त पाहिला गेलेला तोच आहे, म्हणतात. एका शाळेच्या कार्यक्रमात एका मुलीनं मला विचारलं, काका, हे शब्द तुम्हाला कसे सुचतात? मी म्हटलं, त्यासाठी घोड्याच्या डोक्यात शिरावं लागतं. सभागृहात टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत आप्पा होते. त्यांनी डावा हात मांडीवर आपटत टाळी वाजवली.

त्यानंतर ते काही वर्षं होते. सकाळची कार्डं चालूच राहिली. ताई यायची तेव्हा तिच्याशी पाणी, चष्मा, उशी. बायकोशीही हळूहळू बरेच शब्द नीट यायला लागले. ती मला कौतुकानं सांगायची, बघा, सुधारणा आहे. माझ्याशी मात्र एकही नाही. शेवटपर्यंत एकही सरळ शब्द त्यांनी मला दिला नाही, आणि मी मागितला नाही.

गेल्या वर्षी दुसरा झटका आला. दवाखान्यात चार-पाच दिवस होते. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. एका दुपारी मी एकटाच शेजारी बसलो होतो. कार्डं नव्हती, काही नव्हतं. त्यांनी डोळे उघडले, बराच वेळ वर बघत राहिले. मग डाव्या हाताचं बोट उचललं. सलाईनच्या बाटलीकडं.

"म्हैस," म्हणाले. जेमतेम ऐकू येईल असं.

आणि मान वळवून माझ्या तोंडाकडं बघायला लागले.

मी हसलो. त्यांनी डोळे मिटले.

मग मी बाहेर व्हरांड्यात आलो आणि तो शब्द फोनमध्ये लिहून घेतला. आप्पा दुसऱ्या दिवशी गेले. म्हैस बत्ताशाच्या नव्या भागात आहे.